भुरीचा भात

आमच्या घरी सकाळी अकराच्या सुमाराला पेज होते. उकड्या तांदळाची, लालसर, जाड दाण्याची. सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली, पण गोव्यातल्या फोंड्याच्या या घरात सून म्हणून आल्या त्या दिवसापासून त्यांची पेज चुकलेली नाही. टोप खाली उतरला की पहिला डाव आमच्या कुत्रीच्या, भुरीच्या ताटलीत जातो, माणसांच्या वाट्या त्यानंतर. विचारलं तर म्हणतात, "तिची निवायला वेळ लागतो, म्हणून आधी." पण देवघरात दत्ताची तसबीर आहे, पायाशी चार कुत्री बसलेली आहेत, आणि दत्ताला साखळीला जाऊन आल्याशिवाय या बाईचं वर्ष पुरं होत नाही. पहिला डाव तिकडे का जातो, हे मला न सांगताही कळतं.

भुरीची ती पेज मी बंद केली होती. त्याची गोष्ट मला सांगायची आहे, कारण मी जे केलं ते आज माझ्या ओळखीतली बरीच माणसं करताहेत, आणि सगळी प्रेमापोटीच करताहेत.

सुरुवात माझ्या रिपोर्टापासून झाली. एचबीए१सी ६.२. म्हणजे मधुमेह नाही, पण दाराशी येऊन उभा. माझे वडील मधुमेहाने पाय गमावून गेले, त्यामुळे मी घाबरले. भात सोडला, पोई म्हणजे आमचा गोव्याचा पाव सोडला, साखर सोडली. किटो धरला, म्हणजे पिष्ट-साखर जवळजवळ बंद आणि चरबी भरपूर. अंडी, खोबरेल, पनीर, मासळी, पालेभाजी. चार महिन्यांत ७ किलो वजन उतरलं, रिपोर्ट सुधारला, गुडघे हलके झाले. मला त्याचा फायदा झाला हे मी आजही नाकारत नाही.

अंगात नवा उत्साह आला की माणूस घरातल्या सगळ्यांना त्यात ओढतो. नवरा निसटला, सासूबाईंनी तर ऐकूनच घेतलं नाही. उरली भुरी. आमची गावठी कुत्री, तेव्हा सात वर्षांची. पिल्लू असताना पावसात बांदोड्याच्या रस्त्यावर सापडलेली. रेबीजच्या लसीला नेलं तेव्हा काटा १६ किलोवर गेला होता, आधी ती १४ ची होती. मी रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसले. त्यात एकच पालुपद होतं: कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, लांडगा भात खातो का? मला ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंच्या हातातला डाव धरला.

"तिला शीत नाही घालायचं?"

"आई, भात म्हणजे साखरच. तिचं वजन बघा."

त्या काही बोलल्या नाहीत. डाव परत टोपात ठेवला आणि बाहेर जाऊन तुळशीपाशी बसल्या.

मग भुरीला मिळू लागली खोबरेलात परतलेली दोन अंडी, कोंबडीची कातडी, मटणाची चरबी, वर चमचाभर तूप. चिकनवाला कातडीचे पैसेही घेत नसे. भुरी ताटली चाटून लख्ख करायची. तिचा आनंद बघून मला वाटायचं, बघा, हेच तिचं खरं अन्न. नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याने कोरडी भाकर पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. मी त्या गोष्टीतली माया घेतली होती असं मला वाटत होतं. खरं तर मी फक्त वाटी घेतली होती, आणि ती रोज भरत होते.

पाचव्या आठवड्यात एका रात्री पावणेदोनला मला जाग आली. स्वयंपाकघरात नखांचा आवाज येत होता. दिवा लावला तर भुरी फ्रिजसमोर उभी. पुढचे दोन्ही पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकलेले, छाती खाली, आणि मागचा भाग वर. कुत्री खेळायला बोलावतात तेव्हा अशीच वाकतात, म्हणून मी आधी हसून हाक मारली. शेपूट हलली नाही. डोळे माझ्याकडे होते पण बघत नव्हते. पोटाला हात लावला तर पोट पाटासारखं कडक, आणि ती कण्हली. सात वर्षांत मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. फरशीवर तीन ठिकाणी पिवळी ओकारी होती. पहाटेपर्यंत ती तशीच उठत, वाकत, पुन्हा उठत राहिली. सासूबाई तिच्या शेजारी खाली बसून होत्या. त्या वयात त्यांना खाली बसलं की उठवत नाही.

डॉक्टरांनी सकाळी तिला टेबलावर घेतलं आणि मला पहिला प्रश्न विचारला, "तेलकट काय खाल्लं?" स्वादुपिंडाला सूज आली होती. पँक्रिआटायटिस. पचनाचे जे रस आतड्यात जाऊन काम करायचे, ते ग्रंथीतच जागे होतात आणि ग्रंथीलाच पोळतात. त्या वाकून उभं राहण्याला पशुवैद्य प्रार्थनेची मुद्रा म्हणतात. पोटावरचा ताण थोडा कमी व्हावा म्हणून कुत्रं तसं उभं राहतं. हे ऐकल्यापासून मला ते दृश्य विसरता येत नाही. माझी भुरी रात्रभर तसं उभं राहून दुखणं सोसत होती.

तीन दिवस सलाइन. उलट्या थांबल्यावर डॉक्टर म्हणाले, आता तोंडाने द्यायला सुरुवात करा. मी वही काढली. त्यांनी सांगितलं: मऊ शिजवलेला पांढरा भात, त्यात कातडी आणि चरबी काढलेली उकडलेली कोंबडी, मीठ-तेल काही नाही, थोडं थोडं दिवसातून चार वेळा.

भात. मी वहीत तो शब्द लिहिला आणि माझे डोळे भरून आले.

त्यानंतर मी वाचायला लागले. या वेळी रात्रीचे व्हिडिओ नाहीत. जे डॉक्टरांना विचारून पडताळता येईल तेच. सगळ्यात आधी त्या लांडग्याचा निकाल लावायचा होता. २०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना छापली. पिष्ट पचवणारं एक द्रव्य, अमायलेज, स्वादुपिंडात तयार होतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला, आणि त्याच्या उकिरड्याशी, चुलीशी, अंगणाशी जो प्राणी राहिला त्याचं पोट त्या शिजवलेल्या धान्याला सरावलं. हजारो वर्षांत. कुत्र्याच्या लाळेत आपल्यासारखं अमायलेज नसतं, म्हणून कच्चं पिष्ट त्याला झेपत नाही. शिजवलेला भात मात्र तो उत्तम पचवतो.

मी हे सासूबाईंना सांगितलं. म्हटलं, आई, तुमच्या डावाची नोंद तिच्या रक्तात आहे. त्यांनी मान हलवली, जणू मी त्यांना उद्या सोमवार असल्याचं सांगत होते.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. ज्या भीतीपायी मी तिचा भात तोडला ती भीती तिची नव्हतीच. आपल्याला वाढत्या वयात आणि वाढत्या पोटाबरोबर होतो तो टाइप २ मधुमेह कुत्र्यांत सहसा दिसत नाही. त्यांना होतो तो बहुतेक वेळा इन्सुलिन बनणंच थांबल्याने. आणि त्याचं एक कारण काय, तर वारंवार सुजून खराब झालेलं स्वादुपिंड. मी तिला ज्यापासून वाचवायला निघाले होते, त्याच वाटेवर चरबीची ताटली घेऊन तिला नेत होते.

किटोचा उगमही मला तेव्हाच कळला. १९२१ च्या सुमारास हा आहार पुढे आला तो फेफरं येणाऱ्या रुग्णांसाठी, औषध म्हणून, डॉक्टरांच्या नजरेखाली. पुढे माणसांनी तो वजनासाठी उचलला. कुत्र्याचं शरीर तर माणसासारखं सहजी किटोसिसमध्ये, म्हणजे साखरेऐवजी चरबी जाळून चालण्याच्या अवस्थेत, जातही नाही. तासन्‌तास उपाशी ठेवण्याचंही तेच. मी सोळा तासांचा उपास करते, मला मानवतो. भुरीचं पोट सकाळी उशिरापर्यंत रिकामं राहिलं की ती पिवळा फेस ओकते. डॉक्टरांनी तिला उलट दिवसातून तीनदा थोडं थोडं द्यायला सांगितलं आहे. अकराची पेज, म्हणजे, वेळेवरच होती.

मी हे सगळं बोलू लागले तसे आजूबाजूचे लोक आपापलं सांगू लागले. आमच्याच वाड्यावर एकाने जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं होतं. पैसा होता, हौस होती. पिल्लाला रोज बिनहाडाची ताजी कोंबडी, कच्ची, कधी कलेजी. दुसरं काही नाही, कारण जातिवंत कुत्र्याला मांसच पाहिजे. चौथ्या महिन्यात त्या पिल्लाचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकले. चालताना पंजा पसरायचा. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंही नसतं. वाढत्या पिल्लाला ही दोन्ही जवळजवळ सारखी, कॅल्शियम थोडं वरचढ, अशी लागतात. अन्नातून मिळालं नाही की शरीर ते स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं. ते पिल्लू औषधांनी सावरलं, पण पाय पूर्ण सरळ झाले नाहीत. संध्याकाळी तो त्याला फिरवायला नेतो तेव्हा मला मागून ती चाल दिसते. रानातला लांडगा सावज खातो तेव्हा हाडं, आतडी, काळीज, सगळं खातो. दुकानातली बिनहाडाची छाती म्हणजे सावज नव्हे. शिवाय आपल्या हवेत कच्ची कोंबडी दुपारपर्यंत बाहेर राहिली तर काय होतं ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. साल्मोनेला हा जंतू कुत्र्याच्या पोटात गाजावाजा न करता राहतो, आणि मग ज्याचा हात त्याच्या तोंडाला, ताटलीला लागतो त्या लहान मुलापर्यंत किंवा म्हाताऱ्या माणसापर्यंत पोचतो.

बिनधान्याच्या पाकीटबंद खाण्याची आता आसगाव-शिवोलीकडेच नाही, फोंड्यातही चलती आहे. पाकिटावर लांडग्याचं चित्र असतं. आत धान्याऐवजी बहुधा वाटाणे, मसूर, हरभरे, बटाटे असतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा खाण्यावरच्या कुत्र्यांत हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याच्या तक्रारींची चौकशी सुरू केली. ज्या जातींत हा आजार सहसा आढळत नाही अशा कुत्र्यांतही तो दिसत होता. नेमकं कारण सिद्ध झालं नाही. २०२२ च्या अखेरीस त्यांनी सांगितलं की नवीन ठोस काही हाती येईपर्यंत आणखी माहिती देणार नाही. मी हे कुणाला घाबरवायला सांगत नाही. पण गव्हा-तांदळाने कुत्र्याचं काय बिघडतं याचा पुरावा विचारला तर समोर काय येतं? कुत्र्याला अन्नाची ॲलर्जी होते तेव्हा ती जास्त करून गोमांस, दुधाचे पदार्थ आणि कोंबडीची असते, गहू त्याच्या मागे येतो. ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाचा, त्रास आयरिश सेटर या जातीतल्या काही घराण्यांत नीट नोंदलेला आहे. आपल्या गावठी कुत्र्यांच्या कितीतरी पिढ्या शीत-कडीवर वाढल्या. त्यांना धान्य वर्ज्य करायचं ते कशासाठी?

पर्वरीला माझ्या मैत्रिणीची मुलगी राहते. तिने प्राण्यांसाठी मांस, दूध, अंडी सगळं सोडलं आणि आपल्या कुत्र्यालाही वरण-भातावर आणलं. तिच्याशी बोलताना मला फार जपून बोलावं लागलं, कारण तिचा हेतू माझ्याहून मोठा होता. मी स्वतःच्या भीतीने केलं, ती दुसऱ्या जिवांच्या कळवळ्याने करत होती. कुत्रा मांजरासारखा निखळ मांसाहारी नाही. टॉरिन हा हृदयाला लागणारा घटक तो स्वतःच्या शरीरात बनवू शकतो, मांजर पुरेसं बनवू शकत नाही, म्हणून मांजरावर हा प्रयोग तर करूच नये. कुत्र्यासाठी वनस्पतीजन्य पण सगळं मोजून-मापून तयार केलेलं अन्न असू शकतं. पण घरचं वरण-भात म्हणजे ते नव्हे. ड जीवनसत्त्व आपण उन्हात बसून मिळवतो, कुत्र्याची कातडी ते पुरेसं बनवत नाही. ते त्याला खाण्यातूनच लागतं. मी तिला एवढंच म्हटलं, "बाय, तू ठरव, पण आधी त्याचं रक्त तपासून घे आणि आहार डॉक्टरांकडून लिहून घे." ती गेली. तपासणीनंतर ती स्वतः आजही मांसाला शिवत नाही, पण कुत्र्यासाठी अंडी उकडते. फोनवर सांगताना तिचा आवाज जड झाला होता. मला तिचा अभिमान वाटला.

एक इशारा मध्येच देते, कारण किटोवाल्या घरांत तो सगळ्यात जास्त लागू आहे. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये, काही पीनट बटरमध्ये, गोळ्या-मिठायांत झायलिटॉल असतं, साखरेऐवजी गोडीसाठी घातलेलं. माणसाला ते चालतं. कुत्र्याच्या शरीरात मात्र ते जाताच इन्सुलिन धो धो सुटतं, रक्तातली साखर कोसळते, यकृतही निकामी होऊ शकतं. माझ्या पर्समध्ये तेव्हा अशा गोळ्यांची डबी असायची आणि पर्स खुर्चीवर. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट हेही तिच्या वाटेला जाऊ देऊ नये.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जुनं तेच बरोबर. तसंही मी म्हणणार नाही. माझ्या माहेरी पेडण्याला राजा नावाचा कुत्रा होता. त्याला रोज उरलेला भात आणि हुमणाची, म्हणजे माशांच्या कालवणाची, कढी, मिठा-तिखटासकट. रविवारी मटणाची शिजलेली हाडं. पावसाळ्यात पुरुमेंताचे, म्हणजे साठवणीतले, खारे बांगडे परतले की त्यांची डोकी. राजा सात वर्षांचा असताना एका रविवारी शिजलेल्या हाडाची फाक त्याच्या आतड्यात रुतली. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन सुरीसारखं फुटतं हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. दोन दिवस तो माडाखाली पडून होता. त्याला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही, कारण कुत्र्याला डॉक्टरकडे नेतात हेच तेव्हा आमच्या डोक्यात नव्हतं. मी आठवीत होते. आम्ही त्याच्यावर प्रेम करत होतो, यात मला शंका नाही.

म्हणून आता भुरीच्या बाबतीत मी जुन्याची आण घेत नाही आणि नव्याचीही नाही. डॉक्टरांनी तिचं गणित बसवून दिलं. १४ किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण ५०० कॅलरी लागतात, तिच्या वयाला आणि हालचालीला ७०० च्या आसपास. त्यात २०० ग्रॅम शिजलेला भात, साधारण तेवढीच चरबी काढून उकडलेली कोंबडी, एक अंडं, थोडा तांबडा भोपळा. वर डॉक्टरांनी मापून दिलेली कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पूड. ही पूड मी कधी चुकवत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी घरी करायच्या कुत्र्यांच्या खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या होत्या, पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. घरी शिजवलं म्हणजे पुरेसं झालं, असं आपल्याला वाटतं. ज्यांना मापून शिजवणं जमत नाही त्यांनी चांगलं तयार खाणं द्यावं, त्यात कमीपणा नाही.

आणि माप. माझ्या सगळ्या वाचनातून शेवटी हेच मला सगळ्यात मोठं वाटलं. ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर केलेला एक दीर्घ अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना त्यांच्या जोडीदाराहून पाव हिस्सा कमी खायला दिलं, खाणं तेच. मधला आकडा घेतला तर कमी खाणारी १३ वर्षं जगली, दुसरी ११.२. ते खाणं कुठल्या पंथाचं होतं याने काही झालं नव्हतं. ताटलीत किती पडतं याने जवळजवळ दोन वर्षं मिळाली होती. भुरी १६ किलोची झाली होती ती भातामुळे नाही. सासूबाईंची पेज, नवऱ्याच्या चहातलं बिस्कीट, शेजारणीची चपाती, माझ्या ताटातला तुकडा, असं चारी बाजूंनी आलेलं मी कधी एकत्र मोजलंच नव्हतं. आता रोज संध्याकाळी तिच्या बरगड्यांवरून तळहात फिरवते. बोटांना बरगड्या लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत. आज काटा १४ किलो २०० ग्रॅम दाखवतो.

माझं किटो सुटलं. मी आता दुपारी वाटीभर भात खाते, साखर आटोक्यात आहे. पण ती माझी गोष्ट, माझ्या शरीराची. भुरीच्या ताटलीशी तिचा संबंध मी पुन्हा जोडणार नाही.

जुलै संपला, मासेमारीची बंदी उठली. परवा सकाळी मासळीवाली पाटी घेऊन दारात आली. ताजे तारले होते. "सुण्याक जाय गे बाय?" कुत्र्याला हवेत का, असं तिने विचारलं, आणि मूठभर बारके तारले वेगळे काढले. काही मासळी कच्ची दिली तर तिच्यातला एक घटक ब१ जीवनसत्त्व नष्ट करतो, शिजवली की तो घटक मरतो. म्हणून मी ते धुऊन, बिनमिठाचे, कुकरला लावले. आठवड्यातून एकदा, त्या दिवशी कोंबडी तेवढी कमी. काटे मऊ झाले होते, तरी सासूबाई पाटावर बसून एकेक तारला बोटांनी कुस्करत होत्या, कुठे टोचणारं राहिलंय का ते चाचपत. भुरी उंबरठ्याशी बसलेली, कान पुढे. मी स्वयंपाकघरातला काटा पुढे सरकवला. सासूबाईंनी पेजेतलं शीत गाळून डावाने त्यावरच्या वाटीत घातलं, आकड्याकडे बघितलं आणि विचारलं, "दोनशे होऊक अजून किती?"

"वीस."

त्यांनी डाव पुन्हा टोपात बुडवला.